एनव्हीडीए: विद्यापीठाची वेबसाइट कानांनी तपासायची तर

वेबसाइटच्या माथ्यावर अक्षरं लहानमोठी करणारी तीन बटणं बसवली की ती दिव्यांगांसाठी सुलभ झाली, हा समज काही जाता जात नाही. तो घालवायला एनव्हीडीएइतकं चांगलं साधन दुसरं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत जे वेबसाइट सांभाळतात, त्यांच्या नजरेतून हे परीक्षण.

एनव्हीडीए म्हणजे विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर. पडद्यावर जे आहे ते तो बोलून दाखवतो, ब्रेल डिस्प्ले (बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची पट्टी) जोडला तर त्यावरही देतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरने 2006 मध्ये त्याची सुरुवात केली, पुढे जेम्स टेह हे दुसरे अंध प्रोग्रामर सोबत आले. आजही तो पूर्ण मोफत आहे. त्यामुळे "बजेट नाही" ही सबब इथे चालत नाही.

बसवल्यावर पहिलं काम आवाजाचं. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस एकत्र दाबून ईस्पीक एनजी हा आवाज निवडा, कारण त्यात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा, थोडा रुक्ष आहे, पण तपासणीला पुरतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलण्याची खूण चालू ठेवा. एवढं करूनही मराठी पान धड वाचलं जात नसेल तर दोष बहुधा पानाचा असतो. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान घडवणाऱ्या मजकुरात, भाषेचा कोड 'एमआर' (मराठी) हवा, तिथे तयार थीममधला 'ईएन' (इंग्रजी) तसाच राहिलेला असतो. संगणकात फक्त इंग्रजी आवाज असेल तर देवनागरी बरेचदा सरळ गाळली जाते आणि विद्यार्थ्याला पान रिकामं वाटतं.

मग मॉनिटर बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण डोळे उघडे असले की कानांनी चुकवलेलं डोळे भरून काढतात. एच दाबत गेलात की एकेक मथळा, के दाबला की दुवे, एफ दाबला की अर्जातले रकाने. इन्सर्ट आणि एफ-सात दाबलं की साऱ्या दुव्यांची यादीच समोर येते. तिथे ओळीने वीस वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू आलं तर कुठला दुवा वसतिगृहाचा आणि कुठला शिष्यवृत्तीचा, हे कोण सांगणार? दुव्याच्या मजकुरातच 'वसतिगृह प्रवेश अर्ज' असं लिहा. नवीन माणूस हमखास अडखळतो ते अर्जात: अक्षर टाइप करायला जावं तर उडीच बसते, नाहीतर उडी मारायला जावं तर अक्षर उमटतं. कळांनी उड्या मारायचा मोड आणि टाइप करायचा मोड इन्सर्ट आणि स्पेसने बदलतो.

प्रवेश अर्जातला पीआरएनचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाचा रकाना घ्या. डोळ्यांना चौकटीच्या वर 'पीआरएन' दिसतं. एनव्हीडीए मात्र म्हणतो, "एडिट, ब्लँक". कशासाठीची चौकट, काही पत्ता नाही. कारण एवढंच, की वरचा शब्द नुसता मजकूर म्हणून टाकलाय, तो लेबल टॅगने रकान्याच्या आयडीशी बांधलेला नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे. चौकटीतल्या फिकट सूचनेवर भागवू नका, टाइप करायला लागताच ती नाहीशी होते. चूक झाल्यावर चौकट नुसती लाल करणंही निरुपयोगी. 'पीआरएनमध्ये एक आकडा कमी आहे' असा मजकूर रकान्याला जोडलेला हवा. आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढाच, मोबाइलवर ओटीपी पाठवा.

परीक्षेचं वेळापत्रक तपासताना कंट्रोल, ऑल्ट आणि बाणांच्या कळांनी तक्त्याच्या घराघरातून फिरा. शीर्षकाची घरं 'टीएच' टॅगमध्ये असतील तर प्रत्येक रकान्याचं नाव ऐकू येतं. नसतील तर कानावर फक्त "10.30 ते 1.30" पडतं, विषय कुठला ते कळत नाही. जोडलेली घरं टाळा, त्यांनी ओळींचा हिशेब चुकतो.

सगळ्यात जास्त त्रास परिपत्रकांच्या पीडीएफचा. सही-शिक्का मारून स्कॅन केलेलं पान एनव्हीडीएसाठी कोरं असतं. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं परिपत्रक त्याहून फसवं, कारण दिसायला मराठी, आत भलतीच रोमन अक्षरं. ओळखायची युक्ती सोपी आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, जे दिसेल तेच विद्यार्थी ऐकतो. वर्डमधून पीडीएफ करताना 'प्रिंट' वापरू नका, त्यात मथळ्यांचे टॅग गळतात; 'सेव्ह ॲज' करून रचनेचे टॅग ठेवायची खूण तपासा. तरी देवनागरी जोडाक्षरं पीडीएफमध्ये मोडू शकतात, म्हणून महत्त्वाची सूचना साध्या वेबपानावरही द्याच.

या साधनाची मर्यादाही आहे. रंग त्याला कळत नाहीत. पांढऱ्यावर भगवी अक्षरं आपल्याला कितीही प्रिय असली तरी नेहमीच्या भगव्या छटेच्या पांढऱ्यावरच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण जेमतेम 2.1 भरतं, नियम मागतो किमान 4.5. व्हिडिओत बोललेलं खाली मजकुरात (सबटायटल) दिसतं का, 200 टक्के मोठं केल्यावर पान तुटतं का, टॅब दाबत जाताना आपण कुठे आहोत हे दिसतं का, हे स्वतःच पाहावं लागतं. अर्धेअधिक काम मोबाइलवर होतं, म्हणून अँड्रॉइडचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडरही चालवून बघा. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की तो सुरू करता येतो.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे आणि सरकारी वेबसाइटांची मार्गदर्शक तत्त्वं डब्ल्यूसीएजी 2.1 या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची एए पातळी मागतात. पण निविदेत नुसतं 'एए पातळी' लिहून भागत नाही. त्याऐवजी असं लिहा: माउसला हात न लावता, मॉनिटर बंद ठेवून, एनव्हीडीएच्या आवाजावर प्रवेश अर्ज पहिल्या पानापासून फी भरल्याच्या पावतीपर्यंत भरून दाखवावा, आणि तो एनव्हीडीए रोज वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याने मानधन घेऊन भरलेला असावा. पैसे भरायचं पान बाहेरच्या कंपनीचं असतं, गाडी बहुतेक तिथेच अडकते. तेवढं पार पडलं की मगच बिलावर सही करा.