आठ महिने बायबलमधल्या संदेष्ट्यांची पुस्तकं 'आतून' वाचली, त्याचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात वडील गेले. त्यानंतर प्रार्थनेला बसलं की मन कोरडंठाक. बीडच्या आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका ताईंनी सुचवलं, संदेष्टे (देवाचा निरोप लोकांना सांगणारे) पुढचं भविष्य कळावं म्हणून वाचू नको, स्वतःच्या आत बघायला वाच. पहाटे एक उतारा, आणि एकच प्रश्न: यातलं माझ्यात काय आहे?

रीत जुनीच आहे. तिसऱ्या शतकात ऑरिजेन हा ख्रिस्ती विद्वान पवित्र शास्त्रात असाच आतला अर्थ शोधायचा. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातल्या चाकांच्या दर्शनावरून तर यहुदी लोकांत ध्यानाची एक वेगळी परंपराच उभी राहिली.

मी सुरुवात प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून केली, ती चूक. त्यातल्या दर्शनांतल्या प्रत्येक शिक्क्याला, श्वापदाला माझा एकेक दोष चिकटवत बसले आणि महिनाभरात थकले. नव्यांनी तिथून सुरू करू नये.

यहेज्केलचा ३७वा अध्याय मात्र आत उतरला. वाळलेल्या हाडांचं खोरं. हाड हाडाला जुळतं, स्नायू येतात, मांस, कातडी येते, तरी श्वास नसतो. तो नंतर, चारी दिशांकडून येतो. मूळ हिब्रूत श्वास, वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, रूआख. वडिलांनंतर मी स्वयंपाक, नोकरी, पाहुणे सगळं उभं केलं होतं. शरीर जुळलं होतं, श्वास आला नव्हता. त्या पहाटे पहिल्यांदा पोटातून रडले.

४७व्या अध्यायात मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं. दर हजार हातांवर ते घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लागतं, मग पोहावंच लागतं. उन्हाळ्यात आमची सिंदफणा पुढं पुढं आटत जाते, इथं पाणी वाढत जातं. या एका अध्यायावर मी तीन आठवडे राहिले.

आमोस या संदेष्ट्यापाशी मात्र ही रीत मला चालेना. चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकतात, असं तो म्हणतो. याला 'माझ्यातला गरीब' म्हणायला जीभ वळत नाही. शेजारचं जोडपं मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं, मुलं आजीपाशी राहतात. आमोस त्यांच्याबद्दल बोलतो. त्याला आत ओढला की त्याचा आवाज मरतो.

म्हणून आता यहेज्केल पहाटे एकटीनं वाचते. आमोस रविवारी मंडळीत, मोठ्यानं.