मुक्तिसंग्रामाला कोणता चष्मा लावायचा?

भाचा परभणीत एम.ए. करतोय. लघुप्रबंधाला हैदराबाद मुक्तिसंग्राम हा विषय मिळाला. सरांनी सांगितलं, राष्ट्रवाद, परंपरावाद, उदारमतवाद, यातली एक चौकट धर. त्याचा रात्री फोन, "मामा, राष्ट्रवादच घेऊन टाकू का?"

म्हटलं, थांब. तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

राष्ट्रवाद विचारतो, 'आपण' म्हणजे कोण? फ्रेंच विचारवंत रेनाननं 1882 च्या व्याख्यानात भाषा, धर्म, वंश यांतलं एकही राष्ट्र घडवायला पुरत नाही असं सांगितलं. सामायिक आठवणी आणि एकत्र राहायची इच्छा लागते. आता आपल्याकडं बघ. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या हैदराबाद संस्थानातले मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारे सगळे मिळून भारतात आले. आठ वर्षांनी, 1956 ला, त्याच संस्थानाचे भाषेवर तीन तुकडे झाले. मग 48 चं 'आपण' खरं की 56 चं? याला हात घालणार असशील तरच राष्ट्रवाद घे. नाहीतर प्रबंधाचं ध्वजवंदनाचं भाषण होतं, तसली ढिगानं पडलीत.

उदारमतवादाचा प्रश्न सरळ आहे: सत्तेनं कुठं थांबावं? (शब्दानं घोळ होतो. 'उदार' म्हणजे दानशूर नव्हे, आणि 1991 च्या उदारीकरणाशीही याची गल्लत करू नको.) निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी. 1938 ला हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तेव्हाची मागणी विलीनीकरणाची नव्हती. निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढीच होती. हे बहुतेक जण विसरतात. स्वामी रामानंद तीर्थांचा त्या वर्षीचा सत्याग्रह या चौकटीत चपखल बसतो. पुढं मात्र ती तोकडी पडते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, धास्तीनं घरदार सोडलेला माणूस, किंवा निजामाशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेला पोरगा, नुसत्या सभास्वातंत्र्यानं समजत नाही.

परंपरावाद म्हटलं की पोरं नाक मुरडतात. त्याला 'पुराणमतवाद' म्हणतात, तो तर शिवीसारखाच वाटतो. पण ब्रिटिश विचारवंत बर्क 1790 मध्ये फ्रेंच क्रांतीवर तुटून पडला तो राजाच्या प्रेमापोटी नव्हे. पिढ्यांनी जमवलेली घडी एका फटक्यात मोडली तर तिच्यासोबत काय काय मोडतं, ही त्याची काळजी होती. आपल्या जुन्या पेटीत आजोबांचा उर्दूतला जमिनीचा कागद आहे. कडा वाळवीनं खाल्ल्यात, घरात कुणाला वाचता येत नाही. निजाम गेला, 1949 ला जहागिरी गेल्या, कागद राहिला. 2023 ला मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा असलीच उर्दू, मोडी दप्तरं उघडून बघावी लागली. राज्य उलथतं, दप्तर उलथत नाही. यावर कुणी फारसं लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

हातात एकच सत्र असेल तर उदारमतवाद घे, 1938 पुरतं लिही, सुटशील. वेळ असेल तर मी परंपरावादच म्हणेन. खोटं कशाला बोलू, माझं मत लोकांना वाटतं त्याहून जास्त त्या बाजूला झुकतं.

"पण सर काय म्हणतील?"

"त्यांच्याबी घरी असंल की एखादी पेटी. इचार त्यांना."