घाटात चाक जागेवरच फिरतं: साधे टायर, एटी टायर की सरळ एडब्ल्यूडी गाडी?

मागच्या श्रावणात आम्ही सात जण इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो होतो. भेरूघाटाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून आम्हीही थांबलो. परत निघताना पुढचं डावं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. रस्ता ओला, मागे ट्रकांची रांग, आणि आईनं समोरची सीट दोन्ही हातांनी धरलेली. गाडी निघाली खरी, पण त्या अर्ध्या मिनिटाची भीती अजून गेलेली नाही. घरी आल्यावर एका वर्कशॉपनं क्लच बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं ही गाडी देऊन एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्या म्हणून. दोघांपैकी एकानंही टायरकडे वाकून पाहिलं नव्हतं.

म्हणून खर्च ठरवण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी वेग घेत नाही आणि चाकंही जागच्या जागी फिरत नाहीत, तर तो क्लच घसरतोय. कोरड्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला तरी हे कळतं. चाकच जागेवर फिरत असेल तर प्रश्न पकडीचा. घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकत असेल तर घाबरू नका, ट्रॅक्शन कंट्रोल ही यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते आहे. तेच चिन्ह एबीएसच्या दिव्यासोबत सतत पेटून राहिलं, तर बहुधा चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली असते. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो, आधी धुऊन बघा.

मग टायर. नक्षीच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की १.६ मिमी उरली, म्हणजे कायद्यानंही टायर संपला. ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी सुटायला लागते, म्हणून मी ३ मिमीला बदलतो. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. माझ्या टायरवर २३१८ होतं, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अजून दिसत होती, पण रबर नखालाही दबत नव्हतं. त्यात पंपावरच्या मुलानं अंदाजानं ४२ हवा भरलेली, त्यामुळे टायर मधल्या पट्ट्यावरच टेकत होता. हवा टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो.

चढावर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार उशिरा कळली. आपल्याकडच्या बहुतेक फॅमिली एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. तिसऱ्या रांगेत माणसं, डिकीत बॅगा, वरून चढ, म्हणजे सगळं वजन मागे सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. तेच दोघे जण बसून गेलात तर त्याच जागी गाडी सहज निघेल.

आता पर्याय. तुमचं फिरणं राजवाडा, विजयनगर, महू, उज्जैन आणि वर्षातून चार वेळा ओंकारेश्वर-मांडू एवढं असेल, तर चांगले एचटी टायर, सोबत अलाइनमेंट. हायवेसाठीच्या या टायरांची बारीक काप असलेली नक्षी ओल्या डांबराला छान धरते, आवाज कमी असतो, ॲव्हरेजही टिकतं. मी हेच केलं. त्यानंतर भरलेल्या गाडीनं तोच घाट दोनदा पावसात चढलो, दिवा एकदाही लुकलुकला नाही.

एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायर दिसतात रुबाबदार, आणि पुष्कळ जण त्यासाठीच घेतात. त्यांचे मोठे, सुटे ठोकळे चिखल बाहेर टाकतात, खडीवर आणि कच्च्या रस्त्यावर ते खरंच सरस. पण ओल्या डांबरावर ब्रेक मारताना बरेचसे एटी चांगल्या एचटीपेक्षा उशिरा थांबतात. शेत असेल, दर आठवड्याला कच्च्या वाटेनं जावं लागत असेल, तर घ्या. तरी माळव्याच्या काळ्या मातीचा भरवसा धरू नका. पाणी पिऊन ती फुगते आणि नक्षीत अशी भरते की एटीचाही गुळगुळीत गोळा होतो. अशा चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापतं आणि गाडी रुतते. थोडा वेळ बटणानं ते बंद करा, संथ पण न थांबता बाहेर पडा, डांबरावर येताच परत सुरू करा.

एडब्ल्यूडीसाठी लाखाच्या वर जास्तीचे मोजावे लागतात. बऱ्याच गाड्यांत ती एरवी पुढचीच चाकं चालवते आणि ती घसरली की मागे ताकद पाठवते. चढावर भरलेली गाडी उचलायला याहून चांगला उपाय नाही, हे मान्य. पण घाट उतरताना ती तुम्हाला एक फूटही आधी थांबवत नाही. थांबवतात ते टायरच. शिवाय चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवावे लागतात, एक फाटला तरी जोडी किंवा चारही बदलायची वेळ येते. निव्वळ घसरण्याच्या भीतीनं चालू गाडी विकून ती घेणं मला पटत नाही. नवी गाडी घ्यायचीच असेल आणि डोंगराकडे जाणं नेहमीचं असेल, तर मात्र जरूर घ्या.

पुढच्या चाकांवरच्या गाडीला सध्या दोनच टायर घेणं परवडत असेल, तर नवे मागे बसवा आणि जुन्यांतले बरे दोन पुढे. दुकानदार उलट सांगेल, कारण ओढतात पुढची चाकं. पण पुढची घसरली तर पाय उचलून गाडी सावरता येते. ओल्या वळणावर मागची सुटली की गाडी गर्रकन फिरते, आणि मागच्या सीटवर आपलीच माणसं असतात.