एमजीए रेप्लिकाला मूळ चार गिअरचाच बॉक्स टाकला, एक सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

माझी गाडी म्हणजे एमजीए या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची रेप्लिका (नक्कल), फायबर बॉडी, लॅडर चेसिस आणि आत ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ॲम्बीचं इंजिन म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण १९५५ साली आलेल्या पहिल्या एमजीएत जे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज इंजिन होतं तेच हे घराणं, सीसी पण तेवढीच, म्हणजे आपल्याकडे मिळणाऱ्यातलं यापेक्षा बरोबर दुसरं काही नाहीच. इंजिनचा प्रश्न नव्हताच, गिअरबॉक्स कुठला टाकायचा यातच महिने गेले.

ॲम्बीचा स्वतःचा बॉक्स म्हणजे स्टिअरिंगवरचा गिअर, तो या बसक्या दोन सीटर गाडीत शोभत नाही, लगेच बाजूला काढला. उरले दोन. एक, फोर्ड सिएराचा टाइप ९, पाच गिअरचा, तिकडे ब्रिटनमध्ये एमजीएवाले सर्रास हाच बसवतात, वेगळं बेलहाऊसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं कवच) लागतं आणि प्रोपेलर शाफ्ट बदलावा लागतो. दुसरा, एमजीएचाच मूळ चार गिअरचा, छोट्या दांड्याचा, पहिल्याला सिंक्रो (गिअर घालताना आतल्या चक्रांचा वेग जुळवणारी रिंग) नसलेला. मी दुसरा घेतला, तिकडून जुना मागवून इथे खोलून नवीन बेअरिंग टाकून बसवला.

असं का ते आकड्यांत बघा. मूळ बॉक्सचे रेशो (बॉक्समधून एक फेरा बाहेर यायला इंजिनाचे किती फेरे लागतात) ३.६४, २.२१, १.३७ आणि १.००. टाइप ९ चे ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि पाचवा ०.८२. म्हणजे पहिला, तिसरा, चौथा जवळपास तेच, फरक फक्त दुसऱ्यात आणि पाचव्यात. पाचवा कधी कामाला येतो तर ऐंशीच्या पुढे सलग चालवताना. माझा मागचा एक्सल ४.३ चा आहे, म्हणजे चाकांआधी अजून तेवढा रेशो, चौथ्यात ८० ला साधारण २९०० आरपीएम लागतात आणि १०० ला ३६५० च्या आसपास, पाचवा असता तर १०० ला ३००० झाले असते. आता आमच्या गोव्यात डिचोलीहून पणजी, म्हापसा, फोंडा या रस्त्यांवर सलग ऐंशी कुठे मिळतात हो, गतिरोधक, गुरं, बस, वळण, परत गतिरोधक. इथे गाडी दुसऱ्या तिसऱ्यातच जगते.

आणि दुसऱ्याबद्दल तर मनापासून लिहायचंय. साखळीवरून केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलात की हा २.२१ चा दुसरा काय चीज आहे ते कळतं. आवळ वळणात शिरताना डबल क्लच मारून (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, रेस देऊन परत दाबून) दुसरा घातला की गाडी कुरकुर न करता ओढते, पहिल्यापर्यंत जावंच लागत नाही. दांडा मनगटाएवढ्या हालचालीत फिरतो, प्रत्येक गिअर बसल्याचं हाताला स्पष्ट कळतं, इतकं सुख मला कुठल्याच नव्या गाडीत मिळालेलं नाही. पण दुसरा ते तिसरा ही उडी मोठी आहे हे पण सांगतो, ४००० ला दुसरा सोडला की तिसऱ्यात आरपीएम थेट २५०० वर येतात, चढावर तिथे इंजिन जरा दम खातं. टाइप ९ मध्ये ही उडी कमी, पण मग पहिला ते दुसरा जास्त, आणि घाटात मला ते नको होतं.

पहिला गिअर मात्र शिकावा लागतो. दिवाडीला फेरीतून उतरताना रॅम्पवर हळूहळू सरकत पहिला घालायला गेलात की दात करकरणार. आमचा मेस्त (मेकॅनिक) पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बाब, पयलो गियर घालपाचो जाल्यार गाडी पुराय रावूंक जाय." तेच बरोबर, पूर्ण थांबा, क्लच दाबून क्षणभर श्वास घ्या, मग घाला. सरळ दातांचा असल्याने पहिल्यात घूं असा आवाज येतो, तो बिघाड नाही, काही मित्रांनी घाबरून मला फोन केले म्हणून लिहितोय.

तेलाचं नीट लक्षात ठेवा कारण इथे बॉक्स मरतात. या बॉक्सला इंजिन ऑइलच लागतं, मी २०डब्ल्यू५० टाकतो, अडीच लिटरच्या थोडं वर मावतं. दुकानदार गिअर ऑइल म्हणून जीएल ५ प्रतीचं तेल हातात देईल, घेऊ नका, त्यातले गंधकाचे ॲडिटिव्ह आतल्या पितळी आणि ब्राँझच्या भागांना खातात. लेव्हल बघायला खालून झोपायची गरज नाही, टनेलवरचं (दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावरचं) रबरी बूच काढलं की डिपस्टिक मिळते, ही सोय मला फार आवडते. थोडं तेल खाली टपकतं, ट्रे ठेवा. मे महिन्यात टनेल इतकं तापतं की डावा पाय भाजून निघतो, आतून हीट मॅट लावल्यावर बरंच कमी झालं.

स्पेअर इथे मिळत नाहीत, सिंक्रोच्या रिंगा, बेअरिंग सगळं बाहेरून, त्यावर कस्टम्स, त्यामुळे बॉक्स घेतानाच एक सेट जास्तीचा मागवून ठेवा. ज्यांना दर आठवड्याला बेळगाव ओलांडून पुण्याकडे हायवेने पळायचंय त्यांनी टाइप ९ च घ्यावा, माझं स्पष्ट मत, तिथे चौथ्यात तासन् तास ३६५० ऐकून डोकं उठेल. पण गोव्यातच आणि आजूबाजूच्या घाटात फिरणाऱ्यांनी मूळ बॉक्स सोडू नये. सध्या गाडी पावसासाठी झाकून ठेवलीय, दुसऱ्याचा सिंक्रो घाईत खाली टाकताना जरा कुरकुरायला लागलाय, या बॉक्समध्ये आधी तोच जातो, चतुर्थीच्या आधी बॉक्स उतरवून रिंग बदलून घेणार आहे, काय निघालं ते इथेच लिहीन.