नोंद माणसाची की कामाची?

फोर्टच्या फुटपाथवर जुनी कॉमिक्स चाळत वाढलेल्या आम्हा मित्रांचा हा वाद दादरच्या चहावर अजून पेटतो: मार्व्हलच्या २००६च्या ‘सिव्हिल वॉर’ या सुपरहिरो कॉमिकमधला नोंदणी कायदा बरा, की २०१६च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ चित्रपटातला सोकोव्हिया करार?

करार सरळ आहे. ११७ देशांची सही, ॲव्हेंजर्स हा सुपरहिरोंचा गट संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली. कुठे उतरायचं ते समिती ठरवणार. मंजुरी येईपर्यंत माणसं मरतील, हा त्याचा मोठा दोष.

कॉमिकमधला कायदा मात्र माणसालाच हात घालतो. सुपरहिरोंच्या एका कारवाईत स्टॅमफर्ड शहरात स्फोट होऊन शेकडो मेले, म्हणून शक्ती असलेल्या प्रत्येकाने खरं नाव सरकारला द्यायचं. प्रशिक्षण आणि पगार मिळतो, हे मान्य. पण नकार दिला तर निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्याच मितीतला तुरुंग. स्पायडर-मॅनने जगासमोर मुखवटा काढला आणि पुढे गोळी लागली त्याच्या मे काकूंना.

मला इथे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. पारध्याच्या घरी जन्मलात की पोलिसांकडे नोंद, हजेरी. गुन्हा केला नसला तरी. ते जोखड ३१ ऑगस्ट १९५२ला उतरलं. म्हणून माझं मत कराराला: तो निदान आधी काम तपासतो, जन्म नाही.