आयसीयूसाठी टी-पीस किट : कोणाला लावायचं, घेताना काय बघायचं

प्लास्टिकचा एक टी, ऑक्सिजनची नळी, वळ्यांच्या नळीचा एक तुकडा. एवढंच किट. घशातली श्वासाची ट्यूब काढण्याआधी पेशंट व्हेंटिलेटरशिवाय आपला आपण श्वास घेऊ शकतो का, हे बघायच्या चाचणीसाठी ते ट्यूबला जोडतात. किंमत किरकोळ, म्हणून पाकीट फोडल्यावर आत काय आहे हे कोणी नीट बघत नाही. पण हृदय कमकुवत असलेला पेशंट व्हेंटिलेटरवरून काढायचा असेल, तर दुखणं आधीच उघड्यावर आणायला याच्याइतकं साधं साधन नाही.

कारण असं, की प्रेशर सपोर्ट (श्वास घेताना व्हेंटिलेटर देतो तो दाब) ८ आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५ वर चाचणी घेतली तर हृदयाला टेकू मिळतच राहतो. छातीतला वाढलेला दाब परतीचं रक्त थोपवतो आणि डाव्या व्हेंट्रिकलचं (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचं) ओझंही हलकं करतो. पेशंट तासभर मजेत असतो, ट्यूब काढल्यावर रात्री फुप्फुसात पाणी. टी-पीसवर हा टेकू नसतो. लेमेअर यांच्या गटाने १९८८ साली सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या १५ पेशंटमध्ये हे मोजलं. आपापला श्वास सुरू होताच वेज प्रेशर (हृदयाच्या डाव्या बाजूला साचणाऱ्या दाबाचा अंदाज) सरासरी ८ वरून २५ मिमी पाऱ्याच्या घरात गेलं. लघवीची औषधं देऊन पाणी उतरवल्यावर त्यातले ९ जण व्हेंटिलेटरवरून सुटले.

म्हणून सरसकट सगळ्यांना टी-पीस लावू नये. २०१९ च्या १,१५३ पेशंटच्या ट्रायलमध्ये प्रेशर सपोर्ट ८ आणि पीप शून्यवर ३० मिनिटं चाचणी घेतली तेव्हा ८२.३ टक्के पेशंटची ट्यूब यशस्वीपणे निघाली, दोन तासांच्या टी-पीसवर ७४ टक्के. धडधाकट हृदयाच्या पेशंटला दोन तास दमवण्यात काही हशील नाही.

किट घेताना आधी टी बघा. ट्यूबकडची बाजू १५ मिलिमीटरच्या कनेक्टरवर घट्ट बसली पाहिजे, नाहीतर पेशंटने मान वळवली की सुटते. मग बाहेर सोडायच्या बाजूची वळ्यांची नळी. काही पाकिटांत ती नसतेच, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. ती नसली की पेशंट जोराने श्वास ओढताना खोलीतली हवा आत घेतो, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) उतरतं आणि आपण हृदयाला बोल लावतो. साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा हवा. ऑक्सिजन ओला करून सोडणाऱ्या नेब्युलायझरची वाफ त्याच्या टोकाशी श्वास घेतानाही दिसत राहिली, तर फ्लो पुरेसा. वाफ गायब झाली, तर फ्लो वाढवा. नळीत साचलेलं पाणी पेशंटकडे उतरू देऊ नका.

चाचणीत श्वास मिनिटाला ३५ च्या वर, सॅच्युरेशन ९० च्या खाली किंवा सिस्टोलिक (वरचं) बीपी १८० च्या वर गेलं, तर लगेच व्हेंटिलेटर जोडा. बीपी चढतंय आणि छातीत घरघर नव्याने ऐकू येतेय, म्हणजे रोख हृदयाकडे. या मर्यादा ओलांडल्या नसतील, तर टी काढण्याआधी बेडवरच इको करून ई/ई-प्राइम (डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज देणारं गुणोत्तर) आणि हृदयाच्या भिंतींची हालचाल बघा, ईसीजी काढा. व्हेंटिलेटर परत जोडला की दाब उतरतो आणि पुरावा पुसला जातो. त्याच दिवशी पुन्हा चाचणी नको. आधी पाणी आणि बीपी, मग उद्या.