३.३ व्होल्टचा १११७ रेग्युलेटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी हा रेग्युलेटर, म्हणजे जास्त व्होल्टेज घेऊन ठरावीक ३.३ व्होल्ट देणारी चिप, खराब माल समजून कायमचा सोडणार होतो. पहिल्या लॉटच्या वीस बोर्डांपैकी चार बोर्ड १२ व्होल्टचा अडॅप्टर लावताक्षणी गेले. जाताना मायक्रोकंट्रोलरही (बोर्ड चालवणारी मुख्य चिप) घेऊन गेले, कारण आतून शॉर्ट झालेल्या चिपने १२ व्होल्ट सरळ ३.३ च्या लाइनवर सोडले. आज तोच रेग्युलेटर माझ्या प्रत्येक बोर्डवर आहे.

आधी संशय फूटप्रिंटवर, म्हणजे चिप बसते त्या बोर्डवरच्या पॅडांच्या मांडणीवर आला. या चिपची मोठी टॅब (धातूची रुंद पट्टी) आउटपुटला जोडलेली असते, ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरसारखी ग्राउंडला नाही. टॅबखाली ग्राउंडचं तांबं असेल तर आउटपुट तिथेच शॉर्ट. माझ्या बोर्डवर ते बरोबर होतं. मग हॉट एअरने चिप उचलली आणि रिकाम्या पॅडवर मीटर लावला. बोर्डात शॉर्ट नव्हता. काढलेल्या चिपच्या इनपुट-आउटपुटमध्ये मात्र जेमतेम दोन ओहम. चिप उचलून दोन्हीकडे वेगवेगळं मोजल्याशिवाय दोष कोणाचा ते ठरवू नका, एवढं कळकळीने सांगतो.

नवी चिप लावली, बेंच सप्लायवर (व्होल्टेज-करंट हवं तसं ठरवता येणारा टेबलावरचा पुरवठा) २०० मिलीअँपची मर्यादा ठेवून व्होल्टेज हळूहळू १२ पर्यंत नेलं. ३.३ व्होल्ट अगदी स्थिर, दिवसभर. दुसऱ्या दिवशी चालू अडॅप्टरची पिन खुपसली आणि चिप मेली.

इथे डोळे उघडले. बेंच सप्लाय असो की अडॅप्टर, दोन्हीकडे १२ च व्होल्ट. फरक फक्त ते किती झटक्यात येतात याचा. ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर (एकदाच येणारा झटका पकडून दाखवणारी सोय) ठेवून इनपुट पिन पाहिली, तर पिन लावताच २१ व्होल्टचा टोकदार उसळा. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) कमाल इनपुट १५ व्होल्ट. अडॅप्टरच्या लांब वायरचं इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून व्होल्टेज झुलतं, आणि सिरॅमिकचा अंतर्गत रोध नगण्य असल्याने त्या झुल्याला आवर घालणारं कोणीच नसतं. असा उसळा पुरवठ्याच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊ शकतो. मल्टीमीटरवर हे कधीच दिसत नाही. माझे दोन आठवडे त्यातच गेले.

आधी टीव्हीएस डायोडचा, म्हणजे उसळा कापणाऱ्या डायोडचा विचार केला, पण १२ व्होल्टच्या नेहमीच्या डायोडची क्लॅम्पिंग पातळी (उसळा जिथे अडवला जातो ते व्होल्टेज) २० च्या आसपास असते. १५ ची मर्यादा असलेल्या चिपला त्याचा काय उपयोग? शेवटी सिरॅमिकशेजारी ४७ मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला. त्याचा अंतर्गत रोधच झुला शमवतो. उसळा साडेतेरा व्होल्टवर आला. त्यानंतर या कारणाने एकही चिप गेलेली नाही.

आउटपुटलाही डेटाशीट २२ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर सुचवते. तिथे नुसता छोटा सिरॅमिक लावला तर आउटपुट थरथरू शकतं. ती सूचना मी पाळली, त्रास झाला नाही.

हा रेग्युलेटर फार तापतो ही तक्रार मात्र खरी आहे. १२ वरून ३.३ वर येताना १२० मिलीअँपलाही एक वॅटहून जास्त उष्णता चिपमध्ये राहते. टॅबखाली तांबं कमी असलेले बोर्ड तासाभराने बंद पडून थंड झाले की पुन्हा चालू व्हायचे. हे थर्मल शटडाउन, म्हणजे जास्त तापल्यावर चिपने स्वतःला बंद करणं. चिप बिघडली समजून मी दोन चांगल्या चिपा उगाच काढल्या. नव्या डिझाइनमध्ये आधी बक कन्व्हर्टरने (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ५ व्होल्ट करतो, मग हा रेग्युलेटर. तेवढ्याच लोडला उष्णता ०.२ वॅट, बोट ठेवलं तर जेमतेम कोमट.